प्राथमिक शाळेत पीटीच्या तासाला नेमकं काय शिकवायचं असतं?

शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन-तीनदा 'शा. शि.' असं लिहिलेलं असायचं, आठवतंय? तो तास आला की तीनपैकी एक गोष्ट व्हायची. गणिताचा राहिलेला धडा पूर्ण केला जायचा. नाहीतर सर कपाटातून एक चेंडू काढून द्यायचे आणि "जा खेळा, पण आवाज करू नका" म्हणायचे. आणि १५ ऑगस्ट जवळ आला असेल तर उन्हात कवायत. सावधान, विश्राम, पुन्हा सावधान.

मी चौथीत होते त्या अख्ख्या वर्षात माझ्या हातात चेंडू किती वेळा आला, हे मी बोटांवर मोजू शकते. चेंडू चार-पाच मुलांकडे असायचा, बाकीचे आम्ही कट्ट्यावर. आजही कुणी माझ्याकडे गाडीची किल्ली फेकली तर मी डोळे मिटते आणि तोंड फिरवते. किल्ली अर्थातच खाली पडते. बरीच वर्षं मला वाटायचं की आपल्यात 'खेळाचं अंगच नाही'. शारीरिक शिक्षणाबद्दल वाचायला लागल्यावर कळलं, की झेल घेणं ही शिकवायची गोष्ट असते. वाचन शिकवतात तशीच.

मग ती शिकवली का जात नाही? आणि शिकवायची तर कशी?

कायद्यात काय आहे?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. प्रत्येक शाळेत किमान काय असलं पाहिजे, याची ती यादी. त्यात मैदान आहे. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य आहे. शिक्षकांच्या बाबतीत मात्र गोष्ट वेगळी आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असं कायदा सांगतो. पहिली ते पाचवीसाठी अशी कोणतीच तरतूद नाही.

म्हणजे ज्या वयात मूल पळायला, फेकायला, झेलायला शिकतं, नेमक्या त्याच वयासाठी कायद्याने खेळाचा शिक्षक मागितलेला नाही.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१८ च्या 'असर' अहवालासाठी देशभरातल्या ग्रामीण शाळांची पाहणी झाली होती. दहापैकी साधारण आठ शाळांना आवारात किंवा जवळपास मैदान होतं. पण शारीरिक शिक्षणाचा शिक्षक फक्त ५.८ टक्के प्राथमिक शाळांत होता. उच्च प्राथमिकमध्ये हे प्रमाण ३०.८ टक्के होतं. जागा आहे, मुलं आहेत, शिकवणारं कुणी नाही, असा एकूण प्रकार.

व्यवहारात पीटी घेतात ते वर्गशिक्षकच. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण कायद्याच्या निकषानुसार ६० पर्यंत पटाच्या पहिली ते पाचवीच्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षक, पाच इयत्ता, त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. त्यात बाईंनी खो-खोचे डावपेच शिकवावेत ही अपेक्षा जरा जास्तच. सुदैवाने प्राथमिकच्या मुलांना डावपेच शिकवायचेच नसतात.

मग शिकवायचं काय?

कबड्डी, फुटबॉल, क्रिकेट हे सगळे खेळ थोड्याच मूळ हालचालींवर उभे असतात. त्यांना मूलभूत कारक कौशल्यं म्हणतात. त्यांचे ढोबळ तीन गट पडतात. जागा बदलण्याच्या हालचाली, म्हणजे धावणं, उडी, लंगडी, घोड्यासारखं एक पाय पुढे ठेवून दौडणं. वस्तू हाताळण्याच्या हालचाली, म्हणजे फेकणं, झेलणं, लाथेनं मारणं, बॅटनं टोलवणं, टप्पे देणं. आणि तोल, म्हणजे एका पायावर उभं राहणं, वळणं, पळता पळता थांबणं, न लागता पडणं.

ही कौशल्यं वय वाढलं की आपोआप येतात असा आपला समज असतो. धावणं थोडंफार येतं, पण फेकणं-झेलणं पक्कं व्हायला सराव आणि कुणीतरी दाखवणं, दोन्ही लागतं. अभ्यासकांच्या मते यासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे साधारण तीन ते आठ-नऊ वर्षं. त्यानंतर शिकता येत नाही असं नाही. पण एक अडचण उभी राहते, आणि ती शरीरापेक्षा मनाची असते.

सहा वर्षांच्या मुलाला विचारा, "तुला चेंडू फेकता येतो का?" तो म्हणेल, "मी वर्गात सगळ्यात लांब फेकतो!" त्याच्या शेजारचाही तेच म्हणेल. या वयात मुलं स्वतःला भरपूर मार्क देतात, त्यामुळे चुकलं तरी पुन्हा करायला लाज वाटत नाही. नऊ-दहाव्या वर्षी मूल स्वतःची इतरांशी तुलना करायला लागतं आणि ती तुलना बऱ्यापैकी अचूकही असते. आपल्याला येत नाही हे त्याला दिसतं, मग ते "पाय दुखतोय" म्हणून कट्ट्यावर बसतं. बसलं की सराव होत नाही, आणि सराव नाही म्हणून आणखी येत नाही. पाचवीतली ही मुलं आळशी असतात असं नाही. त्यांची पहिली-दुसरीची संधी हुकलेली असते.

आता वेळेचं गणित पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. म्हणजे आठवड्याला ४२० मिनिटं. शाळेत ३५ मिनिटांचे तीन तास धरले तरी होतात १०५. तेही गणिताच्या सरांनी घेतले नाहीत तर! थोडक्यात, शाळेच्या तासात मुलांचा व्यायाम पुरा होणं शक्यच नाही. त्या तासाचा उपयोग वेगळा आहे. उरलेली मिनिटं मूल गल्लीत, अंगणात, मैदानात आपणहून खेळेल, इतपत कौशल्य त्याच्या अंगी आणायचं, हे त्या तासाचं काम.

चेंडू फेकायला शिकवायचा तास

उदाहरण म्हणून तिसरीचा ४० मुलांचा वर्ग घ्या. नेहमीची पद्धत अशी की एक चेंडू, एक रांग, एकेकानं यायचं आणि फेकायचं. रांगा लावण्यात दहा मिनिटं गेली. उरलेल्या २५ मिनिटांत दर १५ सेकंदाला एक फेक धरली तर एकूण १०० फेकी होतात. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच.

आता २० चेंडू घ्या. विकत आणायची गरज नाही. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून वर रबरबँड चढवले की चेंडू तयार. फाटक्या मोज्यात चिंध्या भरल्या तर आणखी छान, आणि तोंडाला लागला तरी दुखत नाही. मुलांच्या जोड्या लावा. दर दहा सेकंदाला एक फेक धरली तर पाच मिनिटांत जोडीच्या ३० फेकी होतात, म्हणजे प्रत्येकी १५. साहित्य जवळजवळ फुकट आहे. बदल फक्त मांडणीत केला.

नुसतं फेकायला लावून भागत नाही. फेकणारं मूल नीट पाहिलं की ते कुठल्या पायरीवर आहे हे कळतं. अगदी नवखं मूल समोर तोंड करून उभं राहतं, पाय हलत नाहीत, फक्त कोपरापासून हात पुढे येतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ते पाऊल टाकतं, पण ज्या हातानं फेकतं त्याच बाजूचं. उजवा हात, उजवा पाय. चांगलं फेकणारं मूल आडवं उभं राहतं, उलट्या पायानं पाऊल टाकतं, कंबर आणि खांदे वळतात आणि मग हात येतो.

इथे शिक्षकाने एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "उलटा पाय पुढे" म्हटलं की त्या दिवशी फक्त पाय. जमिनीवर खडूनं पावलाची खूण काढली तर सांगायचीही फार गरज पडत नाही. कोपर, कंबर, नजर सगळं एकदम सांगितलं तर मूल गोंधळतं आणि पहिल्यासारखंच फेकतं.

आणखी एक गोष्ट वाचून मला आश्चर्य वाटलं होतं. सुरुवातीला नेम धरायला सांगू नये. नेम धरताना मूल हात आखडतं आणि सगळं अंग ताठ करतं. "भिंतीवर जोरात आदळव" किंवा "त्या झाडापलीकडे टाक" म्हटलं की अंग आपोआप वळतं. नेम नंतर येतो.

झेल शिकवणं याहून नाजूक. चेंडू अंगावर येताना तोंड फिरवणं, डोळे मिटणं, चेंडू छातीशी कवटाळणं हे पाच-सहा वर्षांच्या मुलात अगदी नेहमीचं असतं. उपाय म्हणजे भीती काढणं. आधी मोठा, मऊ, सावकाश येणारा चेंडू, फुगाही चालतो. मग एक टप्पा पडून येणारा, मग थेट. यातलं काहीच न करता चौथीत एकदम सीझनचा बॉल दिला तर काय होतं, ते किल्लीच्या गोष्टीत सांगितलंच आहे.

तासाच्या शेवटी खेळ हवाच, नाहीतर मुलं त्याला पीटी मानणार नाहीत. मैदानाच्या मधोमध फक्कीची रेघ मारा, दोन गट करा आणि सगळे कागदी चेंडू वाटून द्या. शिट्टी वाजली की आपल्या अंगणातला 'कचरा' शेजाऱ्याच्या अंगणात फेकायचा. एक मिनिटानं पुन्हा शिट्टी, ज्याच्याकडे कचरा कमी तो जिंकला. कुणी बाद होत नाही आणि सगळे सतत फेकत राहतात. शेजाऱ्याकडे कचरा टाकण्याच्या नागरिकशास्त्राकडे तेवढं दुर्लक्ष करा.

'आऊट' होण्याची अडचण

आपले बरेच खेळ बाद होण्यावर चालतात. तळ्यात-मळ्यात घ्या. उडी चुकली की बाहेर. सगळ्यात आधी कोण बाहेर जातं? ज्याला उडी जमत नाही तो. म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात कमी खेळतो, आणि वर बाकीच्यांसमोर बसून राहतो. याचा अर्थ खेळ बंद करा असा नाही. चुकला की मैदानाला एक चक्कर मारून किंवा पाच उड्या मारून परत आत, एवढा बदल पुरतो. फक्त त्या उड्या शिक्षा वाटता कामा नयेत. उशीर झाला म्हणून उठाबशा, दंगा केला म्हणून मैदानाला दहा फेऱ्या, असं वर्षानुवर्षं केल्यावर मुलांना व्यायाम आवडावा ही अपेक्षा कशी ठेवायची?

दोन कॅप्टननी एकेक गडी मागून संघ पाडण्याची पद्धतही प्राथमिकमध्ये टाळलेली बरी. शेवटी उरलेल्या मुलाला तो क्षण मोठेपणीही आठवतो. वाचणाऱ्यांपैकी काहींना आत्ता आठवला असेल.

लंगडी आणि खो-खो

साहित्य नाही ही तक्रार खरी आहे, पण मराठी मुलखात ती जरा कमी खरी आहे. लंगडीला फक्त चौकोन आखायला फक्की लागते. एका पायावर तोल सांभाळत दिशा बदलायची, पळणाऱ्याला कोपऱ्यात गाठायचं, पाय टेकू द्यायचा नाही. तोल, पायातली ताकद, अंदाज सगळं त्यात आहे. एवढंच बघायचं, की मुलं आवडत्या एकाच पायावर लंगडी घालतात. सरावात दुसऱ्या पायालाही तेवढाच वेळ द्यावा. शिवणापाणी आणि विषामृतात पळताना वळणं आणि थांबणं येतं, लगोरीत नेम येतो.

खो-खो आपल्या घरचा. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले असं सांगितलं जातं. पण मोठ्यांचा खो-खो जसाच्या तसा दुसरीला देण्यात अर्थ नाही. आठ जण बसलेले, एक जण पाठलाग करतोय आणि उरलेला वर्ग बघतोय. मैदान लहान करा, रांगेत चारच जण बसवा आणि असे तीन-चार डाव एकाच वेळी लावा. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, दिशा बदलता येत नाही, पळणाऱ्याला मात्र दोन्ही मुभा. त्यामुळे खरा प्रश्न पडतो तो खो कधी द्यायचा. दोन डाव झाले की थांबवून मुलांनाच विचारायचं, "तो सुटला का? खो आधी दिला असता तर?" उत्तरं भन्नाट येतात.

आधी छोटा खेळ, मग खेळातून पडलेला प्रश्न, आणि मग कौशल्य. ही पद्धत इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडली आणि ती जगभर वापरली जाते. आपल्याकडे बालभारतीने प्राथमिकसाठी काढलेल्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकांत शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला एकत्र आणले आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शारीरिक शिक्षणाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचं स्थान दिलं आहे. कागदावर विषयाची अवस्था वाईट नाही.

प्रगतिपुस्तकातली ती ओळ

"खेळात आवडीने भाग घेतो." मुलाच्या प्रगतिपुस्तकात ही ओळ तुम्ही वाचली असेल. आकारिक मूल्यमापनात शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. त्यांच्या तयार याद्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि चाळीस मुलांसाठी त्याच चार ओळी आलटून पालटून उतरतात. त्यातून पालकाला काहीही कळत नाही. "फेकताना उलटा पाय पुढे टाकते, अंग अजून वळत नाही" ही नोंद लिहायलाही तेवढाच वेळ लागतो. अट एकच, मूल फेकताना कुणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे.

खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्यांचं नावही अलीकडे ऐकू येतं. ५ ते ८ वयोगटासाठी त्यात उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, एका पायावर तोल सांभाळण्याची फ्लेमिंगो चाचणी आणि दोन चकत्यांना आलटून पालटून हात लावण्याची प्लेट टॅपिंग चाचणी असते. नऊ वर्षांपासून पुढे ५० मीटर आणि ६०० मीटर धाव, लवचिकता, पोटाचे आणि हातांचे व्यायाम येतात. चाचणी उपयोगी आहे, पण ती फक्त मोजते. आकडे ऑनलाइन भरले म्हणजे पीटी झाली असं समजणं म्हणजे रोज वजनकाट्यावर उभं राहून जेवण झालं समजण्यासारखं आहे. आणि बीएमआय सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवू नये, हे कुठल्याही नियमावलीशिवाय कळायला हवं.

कट्ट्यावर कोण बसलंय?

कुठल्याही शाळेत पीटीच्या तासाला जा आणि मैदानाकडे न बघता कट्ट्याकडे बघा. तिथे मुली जास्त असतात, जाडसर मुलं असतात, चष्मा फुटेल म्हणून बसवलेली असतात, अपंग मुलं असतात.

अपंग मुलांना खेळात घ्यायला एक साधी चौकट वापरली जाते. खेळाच्या चार गोष्टींपैकी एक बदलून बघायची: जागा, काम, साहित्य किंवा सोबतची माणसं. दिसत नसलेल्या मुलासाठी चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की तो खडखडतो आणि कुठे आहे ते ऐकू येतं. पळायला त्रास होणाऱ्या मुलासाठी रेषा जवळ आखायची. त्याला शिट्टी देऊन पंच करणं हा आपला आवडता तोडगा आहे. एखाद्या दिवशी ठीक, पण वर्षभर पंचच राहिलेलं मूल खेळलेलं नसतं.

मुलींचं कारण अनेकदा गणवेशात सापडतं. स्कर्टमध्ये लंगडी घालता येते, पण कबड्डीत लोळता येत नाही. पीटीच्या दिवशी ट्रॅक पँट चालेल, एवढ्या एका सूचनेनं कट्ट्यावरच्या अर्ध्या जागा रिकाम्या होऊ शकतात. चौथी-पाचवीत काही मुलींना पाळी सुरू होते. त्यांना सगळ्यांसमोर कारण विचारलं जाऊ नये, आणि कारण नसताना सक्तीनं बसवलंही जाऊ नये.

सुरक्षिततेचं फार काही अवघड नाही. तास सुरू होण्याआधी मुलांनाच घेऊन मैदानातले दगड-काचा उचलायच्या, कारण बरीच मुलं अनवाणी असतात. मार्च-एप्रिलमध्ये खेळ सकाळी लवकर उरकायचा, मध्ये पाणी प्यायला थांबायचं. लहान मुलं मोठ्यांसारखी सलग पळत नाहीत, तुकड्यातुकड्यात पळतात आणि थांबतात, तेव्हा त्यांना लांबच लांब फेऱ्या मारायला लावू नयेत. दम्याचा त्रास कुणाला आहे आणि पंप कुठे आहे, हे बाईंना माहीत हवं. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद आणि घरी निरोप.

"सर, स्पर्धा कधी?"

राज्याच्या शालेय क्रीडा स्पर्धा १४ वर्षांखालील गटापासून सुरू होतात. त्याआधी जिल्हा परिषदेच्या शाळांच्या केंद्र, बीट, तालुका अशा पायऱ्यांनी स्पर्धा होतात. त्या दिवसाची मजा वेगळीच असते. अडचण त्याच्या आधीच्या महिन्यात होते. संघातल्या बारा जणांचा सराव चालतो आणि बाकी शाळा टाळ्या वाजवायला उरते.

पालकांची घाई हा आणखी एक भाग. सातव्या वर्षी क्रिकेटची किट, रोज तीन तास ॲकॅडमी, बाकी सगळं बंद. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचवलं होतं की एकाच खेळाला वाहून घेणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवलं तर दुखापती आणि कंटाळा यांचा धोका कमी राहतो. जिमनॅस्टिक्ससारखे काही खेळ याला अपवाद आहेत. बाकी खेळांत प्राथमिकच्या वयात पाच वेगवेगळ्या गोष्टी खेळणारं मूल मागे पडत नाही.

तुम्ही पालक असाल तर पुढच्या पालकसभेत मार्कांचं बोलणं झाल्यावर तीन प्रश्न विचारून बघा. पीटीचा तास गेल्या महिन्यात किती वेळा झाला? वर्गाला चेंडू किती आहेत? आणि माझ्या मुलाला झेल घेता येतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरीही मिळेल. मोज्याचा चेंडू करा, चार पावलांवर उभे राहा, खालून हळूच टाका आणि मुलाचे डोळे बघा. ते मिटत असतील तर दोन पावलं जवळ या आणि पुन्हा टाका.